गॅलरीतले चार इंच

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट, पाण्याची टाकी. ते सगळं सेक्रेटरींच्या लेखात येईलच. मी आपल्या गॅलऱ्यांचा इतिहास लिहितोय, कारण त्यात आरोपी मीच आहे.

1998 साली ताबा मिळाला तेव्हा प्रत्येक घरात गॅलरी हॉलपेक्षा चार इंच खाली होती. बिल्डरनं कंजुषी केली, असं आम्हा बऱ्याच जणांना वाटलं. खरं तर ही आपली जुनीच रीत. कोकणातल्या घरात ओटीपेक्षा पडवी खाली आणि पडवीपेक्षा अंगण खाली. पाणी बाहेरचं बाहेर राहावं म्हणून. 2000 साली सोसायटी नोंदली गेली, पाठोपाठ ग्रिल आल्या, सरकत्या खिडक्या आल्या आणि गॅलरी भरून हॉलच्या लेव्हलला घेण्याची टूम निघाली. एकानं केलं की शेजारी बघायला जायचा आणि त्याच गवंड्याला घेऊन यायचा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आपल्याकडे ज्यांच्या गॅलरीला पायरी होती त्यांचं पाणी गॅलरीतच तुंबलं. ज्यांनी भरून घेतली होती, त्यांच्या हॉलमध्ये शिरलं. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही 2007 मध्ये मी तेच केलं.

कारण आई. तुळशीला पाणी घालायला जाताना त्या पायरीवरून ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत मी गवंडी बोलावला. त्यानं घरातल्याच तोडलेल्या लाद्या, विटांचे तुकडे आणि रेती टाकून चार इंच भर केली, वर नवीन लादी बसवली. डेब्रिज खाली न्यायचा खर्च वाचला म्हणून मी खूश होतो!

पुढे खालच्या मजल्यावरच्या वहिनी सांगू लागल्या, "भाऊ, आमच्या गॅलरीच्या छताला ओल येतेय." मी तीन पावसाळे त्यांना सांगत राहिलो की ती बाहेरच्या भिंतीतून येत असणार.

2016 च्या स्ट्रक्चरल ऑडिटला आलेल्या इंजिनिअरनं माझ्याच हॉलमध्ये बसून हिशेब मांडला. दहा बाय चारची गॅलरी, चार इंच भर, म्हणजे जवळपास 700 किलो. हा बोजा कायमचा, चोवीस तासांचा; माणसं, कुंड्या, वॉशिंग मशीन वेगळं. आणि गॅलरीला खालून खांब नाही, ती एका बाजूनं भिंतीला धरून बाहेर लटकलेली. अशा स्लॅबला ताण वरच्या अंगाला येतो, भिंतीलगत. म्हणजे चीर पडली तर ती वर पडणार आणि नेमकी भरावाखाली झाकली जाणार.

भराव काढला. विटांचे तुकडे नऊ वर्षांनंतरही ओले होते. खाली भिंतीला समांतर, हातभर लांब चीर. मी खाली जाऊन वहिनींना वर बोलावलं आणि ती दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा नातू रोज संध्याकाळी नेमका त्याच्याखाली अभ्यासाला बसायचा.

स्लॅबची दुरुस्ती झाली, वॉटरप्रूफिंग झालं. सिपोरेक्स वापरला असता तर तेवढ्याच भरावाचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास आलं असतं, तोही पर्याय इंजिनिअरनं सांगितला होता. मी पायरीच परत घेतली. दाराशी स्टीलचा दांडा लावला आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. दीडशे रुपयांची ती पट्टी 2007 मध्ये का सुचली नाही, कोण जाणे. आई त्यानंतर तीन वर्षं दांडा धरून तुळशीपर्यंत जात होती.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला: कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कोणीही गॅलरी भरायची नाही. ठराव मी मांडला, अनुमोदन खालच्या वहिनींनी दिलं. त्यानंतर आणखी सहा गॅलऱ्या उघडल्या. दोन अजून बाकी आहेत. त्या कोणाच्या, हे मी इथे लिहीत नाही, पण हा अंक त्यांच्या घरीही जाणार आहे.