पुण्याजवळील एका कुंभाराची शस्त्रविद्या

लंडन येथें निघणाऱ्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एक पत्र छापलेलें आहे. पत्राखालीं सहीच्या जागीं 'बी. एल.' हीं दोनच अक्षरें आहेत. सोबत एका मनुष्याच्या चेहऱ्याचें चित्र असून, त्याचें तुटलेलें नाक कपाळाच्या कातड्यानें पुन्हां कसें घडविलें याची रीत पायरीपायरीनें दिलेली आहे. या पत्राचा उल्लेख आजवर पुष्कळांनीं केला आहे. परंतु तो बहुधा एकमेकांच्या लिखाणावरून केलेला असल्यामुळें मुळांत नसलेल्या गोष्टी त्याला चिकटल्या व असलेल्या कांहीं गळून पडल्या. म्हणून पत्रांत काय आहे, त्याचा परिणाम काय झाला, आणि आमच्या विद्येविषयीं परकीयांची व आमची स्वतःची समजूत पुढें कशी पालटत गेली, हें येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

(१) पत्रांतील मजकूर असा : कावसजी नांवाचा एक मराठा, शेतकरी जातीचा, १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा होता. तो टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात कापविला. अशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व पुढें कंपनी सरकारचें पेन्शन खाऊं लागला. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावांचून होता. नंतर पुण्याजवळील एका वीट करणाऱ्या जातीच्या माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें.

येथें नांवाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. 'कावसजी' हें नांव पारशी वळणाचें, पण जात मात्र मराठा शेतकऱ्याची. इंग्रजी कानानें ऐकलेलें एखादें मराठी नांव असें उतरलें असावें, असा आमचा तर्क आहे. तथापि तर्काच्या बळावर नांव बदलणें योग्य नव्हे, म्हणून आम्हीं छापील नांवच ठेविलें आहे.

(२) कृतीचें वर्णन असें आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्यास चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ आंखावयाची. त्या रेघेच्या आंतील कातडें सोलून काढावयाचें, मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक बारीक पट्टी जोडलेली ठेवावयाची. ही पट्टीच या कृतीचें मर्म होय. नव्या जागीं कातडें रुजेपर्यंत त्याचा रक्तप्रवाह तिच्याच योगानें चालू राहतो. नंतर जुन्या नाकाच्या कडा ताज्या कापून, कपाळाचें कातडें खालीं वळवून त्या खांचेंत बसवावयाचें. वर पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांस लावून अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवस दुसरा उपचार नाहीं. त्यानंतर तुपांत भिजविलेलें कापड. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें निजावें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावे. सुमारें पंचविसाव्या दिवशीं डोळ्यांमधील पट्टी कापून टाकावी.

मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले (छापतांना हें नांव 'ट्रिंडले' असें पडलें आहे) या दोन डॉक्टरांनीं ही कृति पाहिली, असें पत्र सांगतें. मागाहूनच्या लेखकांनीं यावरून ते दोघे खुद्द कावसजीच्या शस्त्रक्रियेस हजर होते असें ठरवून टाकिलें. मूळ शब्दांवरून एवढेंच निघतें कीं, अशी शस्त्रक्रिया त्यांनीं पाहिली होती. हा भेद लहान नाहीं. कावसजीचें उदाहरण एकटें नसून ही विद्या त्या काळीं चालू होती व पाहूं इच्छिणारास पाहावयास मिळत होती, असा त्याचा अर्थ होतो.

(३) हें वर्तमान लंडनपर्यंत जाण्यास पुण्यांतील परिस्थिति कारण झाली. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें प्रसिद्ध चित्र काढणारा जेम्स वेल्स हाहि त्याच सुमारास पुण्यास होता व त्यानेंच कावसजीची तसबीर काढिली. टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे व निजाम एक झालेले असल्यामुळें टिपूनें छळलेल्या मनुष्याच्या हकीकतीस इंग्लंडांत वाचक मिळणें साहजिक होतें. म्हणजे त्या चित्राच्या प्रसारास राजकारणाचेंहि वारें होतें, हें विसरतां कामा नये.

पण ज्याला विद्या हवी होती त्यानें तींतून विद्याच घेतली. लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यानें ती कृति मनांत धरून प्रथम प्रेतांवर अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ती करून पाहिली. ती साधली. दुसरा रोगी आल्बुएराच्या लढाईंत जखमी झालेला अधिकारी होता. १८१६ मध्यें कार्प्यूनें दोन्ही प्रसंगांची हकीकत पुस्तकरूपानें छापिली. तींत त्यानें मॅलेटकडे केलेली चौकशीहि दिली आहे. ही कृति हिंदुस्थानांत फार जुन्या काळापासून चालत आलेली असून ती कुंभारांच्या हातीं आहे, असें मॅलेटनें त्यास सांगितलें. दोन वर्षांनीं, १८१८ त, बर्लिनच्या ग्रेफे यानें या विषयावर ग्रंथ लिहिला व त्यांत या रीतीस 'हिंदी रीत' असेंच नांव दिलें. कपाळाच्या कातड्याची ही रीत अनेक सुधारणांसह आजहि प्रचारांत आहे.

युरोपांत ही विद्या अगदींच अपरिचित होती असें मात्र नव्हे. इटलींतील तालियाकोत्सी यानें दंडाच्या कातड्यानें नाक करण्याची रीत १५९७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली होती. पण ती मागें पडली होती, आणि पुण्याच्या पत्रानें तिकडे या विषयास पुन्हां चालना मिळाली.

(४) यानंतर वारें फिरलें. कलकत्त्यास १८२२ त स्थापन झालेल्या देशी वैद्यक शाळेंत कांहीं काळ आमचें वैद्यक व पाश्चात्य वैद्यक हीं दोन्ही शिकवीत. १८३५ त ती शाळा बंद झाली आणि तिच्या जागीं केवळ पाश्चात्य विद्येचें मेडिकल कॉलेज निघालें. त्याच वर्षीं मेकॉलेनें आपल्या टिपणांत आमच्या वैद्यकाची थट्टा केली. कार्प्यूच्या पुस्तकास तेव्हां वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं! योगायोग असा कीं, मधुसूदन गुप्त यांनीं संपादिलेल्या सुश्रुतसंहितेचें मुद्रणहि १८३५ तच होऊं लागलें. विद्या जिवंत होती तोंवर तिचा आदर झाला, आणि तिचा ग्रंथ छापून निघूं लागला तेव्हां तिचा अव्हेर झाला. परकीयांचा अभिप्राय हा गुणावर जितका, तितकाच सत्तेच्या तोलावर अवलंबून असतो, याला याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाहीं. तरीहि ती विद्या नाहींशी झाली नाहीं. जुनागडचे वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं शंभरांवर रोग्यांचीं नाकें केलीं व १८८९ मध्यें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें.

(५) आतां आमच्या स्वतःच्या समजुतीविषयीं. पुण्याचें पत्र पुढें आलें कीं आमच्याकडील लेखक लागलीच सुश्रुताकडे बोट दाखवितात व विषय संपवितात. सुश्रुताचें श्रेय निर्विवाद आहे. पण सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायांतील कृति व कुंभाराची कृति ताडून पाहिल्यास त्यांत मोठा फरक दिसतो. सुश्रुत माप झाडाच्या पानानें घेतो, कुंभार मेणानें घेतो. सुश्रुत कातडें गालाचें घेतो, कुंभार कपाळाचें. सुश्रुत नाकपुड्यांत नळ्या बसवून वर रक्तचंदन, ज्येष्ठमध व अंजन यांची पूड घालतो, कुंभार कात व तूप वापरतो. तेव्हां दोहोंच्या दरम्यान कोणीतरी विचार केला, करून पाहिलें आणि रीत बदलली, हें उघड आहे.

हा बदल केव्हांच्या पूर्वीं झाला यासहि एक पुरावा आहे. निकोलाओ मनुची यानें औरंगजेबाच्या विजापूरवरील युद्धाच्या प्रसंगानें लिहिलें आहे कीं, विजापूरचे लोक मोगलांकडील माणसांचीं नाकें कापीत, आणि देशी शस्त्रवैद्य कपाळाचें कातडें खालीं ओढून तीं पुन्हां करीत. विजापूर १६८६ त पडलें. म्हणजे पुण्याच्या पत्रापूर्वीं शंभराहून अधिक वर्षें दक्षिणेंत ही सुधारलेली रीत रूढ होती.

'अनादि कालापासून' हे शब्द पत्रांतहि आहेत आणि मॅलेटच्या तोंडींहि आहेत. ऐकावयास ते गौरवाचे वाटतात. पण त्यांचा अर्थ असा होतो कीं, या देशांत विद्या केवळ वारशानें मिळते, कोणी ती नवी करीत नाहीं. परकीयांनीं हें म्हटलें तर त्यांस आमची माहिती कमी होती असें म्हणतां येईल. आम्हीं स्वतः तेंच म्हणावें, यास काय म्हणावें? जे देश आज मागासलेले किंवा विकसनशील म्हणविले जातात, त्यांच्या कारागिरांविषयीं ही समजूत अद्यापि पुरती गेलेली नाहीं.

(६) या प्रकरणांत रोग्याचें नांव राहिलें, चित्रकाराचें राहिलें, वकिलाचें राहिलें, दोन डॉक्टरांचीं नांवें चुकीसुद्धां राहिलीं. ज्यानें नाक केलें त्याचें नांव पत्रानें दिलें नाहीं, त्याची केवळ जात दिली. कुंभाराच्या घरीं पोथ्या नसत, म्हणून त्याचा शोध पोथ्यांतच करून भागणार नाहीं. पुणें प्रांतांतील गांवांच्या दफ्तरांत, बलुत्यांच्या यादींत, सरदार घराण्यांच्या रोजकीर्दींत नाक बसविल्याबद्दल कोणास बक्षीस अगर धान्य दिल्याचें एखादें कलम सांपडण्याजोगें आहे. तसेंच वैद्य घराण्यांच्या बाडांत मेण, कात व तूप हीं तीन नांवें एका ठिकाणीं आलेलीं दिसल्यास तें पान फुटकळ नुसखा समजून बाजूस टाकूं नये. ज्या संग्राहकांजवळ असे रुमाल आहेत त्यांनीं ते एकदां या दृष्टीनें सोडून पाहावे, अशी आमची विनंती आहे. दोन ओळींचें एक कलम हातीं आलें तरी त्या माणसास त्याचें नांव परत मिळेल.