गवती चहाची उसनी झोप

गवती चहाने झोप लागते ही समजूत गोव्यात पाहुणी आहे, असे माझे मत. पेडणे-डिचोलीकडे परसातली पात तोडायची ती सर्दी-पडशाला, पावसात भिजून आलेल्यासाठी, अंगातला ताप घामावाटे काढायला. सोबत आले, मिरी, गूळ. झोपेचे खाते जायफळाकडे होते. सहाणेवर जरासे उगाळायचे आणि दुधातून द्यायचे. बाळगुटीतही तेच. आता मात्र चंद्र-चांदण्या छापलेल्या पुड्यांतून गवती चहा खास रात्रीसाठी विकला जातो. ही बढती त्याला दिली कुणी?

‘आयुर्वेदात आहे’ हे ठरलेले उत्तर. चरकसंहितेत भूस्तृण आहे आणि ते गवती चहाच्या कुळातले सुगंधी गवत, असे सहसा मानतात. चरक त्याला तिखट, रूक्ष, उष्ण आणि तोंड स्वच्छ करणारे म्हणतो. वर पुरुषत्वाला मारक असा शेराही मारतो. तो काही पुड्यांवर छापत नाहीत. झोपेसाठी त्याच ग्रंथात अभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, स्निग्ध पदार्थ, मनाला सुख आणि चक्क मद्यही आहे. रूक्ष, उष्ण गवताला या पंगतीत पाट मिळणे कठीण.

धागा सापडला तो ब्राझीलमध्ये. तिथे घरोघर झोपेसाठी, मन शांत करण्यासाठी गवती चहा पितात आणि त्याला म्हणतात ‘कापिं-सिद्रैरा’. कापिं म्हणजे गवत. सिद्रैरा मात्र उसने आहे. पोर्तुगालात ‘एर्व्हा-सिद्रैरा’ ही वेगळीच वनस्पती, पुदिन्याच्या कुळातली मेलिसा. मन हलके करणारी म्हणून हकीम इब्न सिनाने तिची स्तुती केली होती आणि युरोपात ती शतकानुशतके झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी दिली जाई. मेलिसा आणि गवती चहा यांचे वनस्पतिशास्त्रात काही नाते नाही, पण लिंबाचा वास दोघांतही सिट्राल या द्रव्याचाच. मायदेशाची औषधी हाताशी नसलेल्या पोर्तुगीज वसाहतवाल्यांनी त्याच वासाच्या गवताला तिचे नाव दिले, आणि नावामागून गुणही आला. ब्राझीलमध्ये लिपिया आल्बा नावाच्या तिसऱ्याच झुडपालाही एर्व्हा-सिद्रैरा म्हणतात आणि तेही झोपेलाच देतात! तीन कुळे, एक वास, एकच कीर्ती. हा योगायोग असेल तर फारच शिस्तीचा म्हणायचा.

गवत मुळात आपल्याच बाजूचे, उष्ण आशियातले. ते क्वचितच फुलते. ठोंब फोडून लावावा लागतो, म्हणजे समुद्रापार गेले ते माणसाच्या हातून. मग त्याची नवी कीर्तीही पोर्तुगीजांच्याच गलबतातून परत गोव्यात आली असेल, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तसे असते तर १५१० पासून पोर्तुगीजांकडे असलेल्या तिसवाडीत, किंवा त्यामागोमाग गेलेल्या बार्देश-साष्टीत ही समजूत मुरलेली हवी होती. डिचोली त्यांच्या हाती गेली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. तिथे ती उशिरा, पातळ पोचायला हवी. पण जुन्या काबिजादी (आधी जिंकलेले तालुके) असोत की नव्या, पातीचे घरगुती काम तेच: सर्दी आणि ताप. म्हणून माझा अंदाज असा की झोप आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोप-अमेरिकेच्या ‘हर्बल टी’च्या व्यापारातून, पुडीत बसून.

उरला सर्वांत तगडा प्रतिपक्ष: गवतातच झोपेचा गुण असेल तर? ब्राझीलच्याच संशोधकांनी माणसांना हा काढा पाजून पाहिला. १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अपाय नाही, पण झोप आणणारा किंवा चिंता घालवणारा परिणामही दिसला नाही. तरी ‘मला लागते बुवा’ म्हणणारा खोटे बोलत नसतो. रात्रीच्या साध्या चहाऐवजी त्याने नुसती पात उकळून घेतली, की कॅफीन पोटात जातच नाही. धणे, जिरे, बडीशेपेच्या गोव्यातल्या कषायाचेही तेच. त्यातही चहापत्ती नसते. पण आपल्याकडे बरेच जण पात टाकतात ती चहापत्तीच्याच आधणात, आणि वर पुडीवाल्याला नावे ठेवतात.