बॉम्ब सगळ्यांवर सारखाच पडतो का? अमेरिकेचे अणुयुग आणि सेवाग्राम

वर्धा जिल्ह्यात काम करताना आम्ही अधूनमधून तरुणांना सेवाग्रामला घेऊन जातो. बापूकुटी पाहून झाली की झाडाखाली बसून चर्चा होते. मागच्या वेळी विषय अणुबॉम्बवर आला. एका तरुणाने विचारले, "बॉम्ब पडला तर सवर्णही मरणार आणि आपणही मरणार. मग यात जातीचा प्रश्न कुठे येतो?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाचे एक पान याच सेवाग्राममध्ये आहे.

आधी तारखा पाहू. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत रशियाने पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची मक्तेदारी संपली. २५ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. त्यानंतर महिन्याभरातच जगभरचे शांततावादी आधी शांतिनिकेतन आणि मग सेवाग्राम येथे जमले. ही परिषद गांधीजींच्या हयातीतच ठरली होती. त्यांच्या हत्येमुळे ती पुढे गेली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि ३१ जानेवारीला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी हायड्रोजन बॉम्बच्या कामाला हिरवा कंदील दाखवला.

त्या काळचा अमेरिकन समाज भीती आणि चंगळ एकत्र जगत होता. शाळेतल्या मुलांना बर्ट नावाच्या कासवाचा चित्रपट दाखवून, स्फोट झाला की बाकाखाली कसे लपायचे ते शिकवले जाई. १९५३ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात खरी घरे बांधून, त्यांत कपड्यांच्या दुकानातले पुतळे बसवून, जवळच अणुस्फोट करण्यात आला. लास वेगासमध्ये पर्यटक हॉटेलातून स्फोटाचे ढग पाहत. बिकिनी बेटावरच्या चाचण्यांनंतर काही दिवसांतच पॅरिसमध्ये पोहण्याच्या एका पोशाखाला ‘बिकिनी’ हे नाव मिळाले. हे नाव जगभर झाले. मात्र चाचणीसाठी त्या बेटावरून हलवलेल्या १६७ माणसांची नावे कुणाला ठाऊक आहेत? त्यांचा समाज आजही तिथे कायमचा परतू शकलेला नाही.

सरकारी प्रचार सांगत होता की धोका सर्वांना सारखा आहे, म्हणून सर्वांनी एक व्हावे. पण बॉम्ब बनवण्याचे काम कुणी केले, कोणत्या अटींवर केले, हे पाहिले की या ‘सर्वांना’ शब्दाचा अर्थ कळतो.

टेनेसी राज्यातील ओक रिज हे बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणारे गुप्त शहर. ते सरकारने कोऱ्या जागेवर वसवले होते. जुन्या रूढींचे कारण देण्याची गरजच नव्हती. तरीही वस्त्या वर्णानुसार पाडल्या गेल्या. कृष्णवर्णीय कामगारांना प्लायवूडच्या खोपट्यांत ठेवले आणि नवरा-बायकोलाही वेगवेगळ्या आवारात राहायला लावले. आपल्याकडे गाव नव्याने वसले तरी आपली वस्ती गावाबाहेरच पडते. तोच हा प्रकार. तिथेच सिमेंटकाम करणारे एब केड हे कृष्णवर्णीय कामगार १९४५ मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन दवाखान्यात आले. १० एप्रिलला त्यांची संमती न घेता त्यांच्या शरीरात प्लुटोनियम टोचण्यात आले. बॉम्ब हिरोशिमावर पडायला अजून चार महिने होते.

युरेनियमचा मोठा साठा नवाहो आदिवासींच्या भूमीत होता. १९४४ पासून तिथे खाणी चालल्या. हवा खेळती ठेवण्याची धड सोय नव्हती आणि धोका कामगारांना सांगितला गेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे गेली. भरपाईचा कायदा यायला १९९० साल उजाडले.

आता तळघराचा विचार करा. स्वतःचे घर आणि अंगण असेल तरच तळघर खोदता येते. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊन या नव्या वसाहतीत घर देताना करारातच कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले तेव्हा जमावाने दगड मारले. ज्याला घरच नाकारले, त्याने आसरा कुठे शोधायचा?

मित्रांनो, जुलै १९४६ हा महिना लक्षात ठेवा. १ जुलैला बिकिनीवर पहिला स्फोट झाला. ७ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी, बॉम्बचा नाश उलट बॉम्ब टाकून होणार नाही, अशी मांडणी केली. आणि याच महिन्यात बाबासाहेब आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्यात पत्रव्यवहार झाला. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे सांगून बाबासाहेबांनी, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. गांधीजी बॉम्बविषयी बोलत होते. बाबासाहेब विचारत होते की नव्या जगाच्या पंचायतीत शोषितांची फिर्याद कोण ऐकणार. आमच्या मते दुसरा प्रश्न सुटल्याशिवाय पहिला सुटत नाही. ड्यू बॉईस यांनी पुढे अण्वस्त्रबंदीसाठी सह्यांची मोहीम चालवली, तेव्हा १९५१ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या या माणसाला परकी हस्तक ठरवून खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले.

आता पुन्हा सेवाग्राम. परिषदेसाठी भारतात आलेल्या अमेरिकनांमध्ये मॉर्डेकाय जॉन्सन होते, हॉवर्ड विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. परत गेल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात भारतभेटीवर भाषण दिले. श्रोत्यांत धर्मशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी होता, मार्टिन ल्यूथर किंग. ते ऐकून त्याने गांधींवरची पुस्तके विकत घेतली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गांधीजींशी बाबासाहेबांचा संघर्ष आम्ही विसरत नाही, पण इतिहास अर्धा सांगणे हे आमचे काम नव्हे. किंग यांनी मात्र शांतता आश्रमात ठेवली नाही. त्यांनी ती बसच्या आसनावर, शाळेच्या दारात आणि मताच्या पेटीपाशी नेली. त्यांनी अण्वस्त्रांना विरोध केला आणि वर्णभेदालाही, आणि हे दोन वेगळे लढे मानले नाहीत.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे : बॉम्ब पडेल तेव्हा कदाचित सगळे मरतील. पण तो पडण्याआधीच काही माणसे खाणीत, खोपट्यात, चाचणीच्या बेटावर मरू लागलेली असतात, आणि त्यांची निवड जात आणि वर्ण करतात. हे अमेरिकेपुरते नाही. आपल्याकडे झारखंडच्या जादूगुड्यात युरेनियमच्या खाणी आदिवासी भागात आहेत. अमेरिकेच्या मदतीने उभारलेले तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. वीज राज्यभर गेली, गाव मात्र त्यांचेच गेले.

सेवाग्रामपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर दीक्षाभूमी आहे. तिथे बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाची शांतता दिली, आणि ती समतेवाचून उभी राहत नाही. शांततेच्या सभेत जरूर जा, पण तिथे एक प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका : ही शांतता कुणाची आणि तिची किंमत कोण मोजतो?

जय भीम!