लंडनची ऊब

कोळशाचा इतिहास म्हटला की आपल्याला आगगाडी आणि गिरण्या आठवतात. पण इंग्लंडात कोळसा त्यांच्या कितीतरी आधी घरात शिरला, तो थंडीत ऊब हवी म्हणून. लाकूड महागलं तसा सोळाव्या शतकापासून न्यूकॅसलचा कोळसा जहाजांतून लंडनला मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. १६६१ साली जॉन एव्हलिन यांनी लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून राजाला अर्पण केली. कोळसा काही थांबला नाही.

भिंतीतल्या त्या उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब धुराड्यातून वरच निघून जायची. बाईच्या वाट्याला राहायची राख. सकाळी उठून ती काढा, लोखंडी जाळी काळ्या पॉलिशने घासा, मग जाळ पेटवा. धुतलेले पडदे पुन्हा काळे! शेगडी फुंकणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. अरुंद धुराड्यांत तर काजळी झाडायला लहान पोरांना चढवत. ते १८७५ च्या कायद्यानंतर कुठे थांबलं.

मग आला १९५२ चा डिसेंबर. कडाक्याची थंडी, वारा पडलेला, आणि घरोघरी कोळसा पेटलेला. ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर पिवळट काळं धुकं बसून राहिलं. एका नाट्यगृहात धुकं शिरलं, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून ऑपेरा बंद करावा लागला. त्या वेळी मृतांचा आकडा चार हजार सांगितला गेला. पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. दगावले ते जास्त करून म्हातारे, तान्ही मुलं आणि दमेकरी.

मला टोचते ती दुसरीच गोष्ट. महायुद्धानंतर देशाला परकीय चलन हवं होतं, म्हणून चांगला कोळसा परदेशी जायचा. घरांसाठी उरायचा तो भुकटी नि बारीक खड्यांचा, धुराचा. नेमका तोच त्या महिन्यात रेशनमधून मोकळा केला होता. हापूस बोटीत चढवायचा आणि डागी आंबा घरी ठेवायचा, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की डागी आंब्याने कुणाचा श्वास कोंडत नाही.

१९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, काही भागांत धुराचं जळण बंद झालं. पण माझ्या मते घरातला कोळसा खरा हटवला तो गॅसने. उत्तर समुद्रात गॅस सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कामगारांनी घरोघरी जाऊन लाखो शेगड्या नि हीटर नव्या गॅसजोगे करून दिले. राख काढायचं काम गेलं, ते कुणी समारंभाने साजरं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

१ मे २०२३ पासून इंग्लंडात घरगुती दगडी कोळशाची विक्री बंद झाली. कमी धुराचं जळण अजून मिळतं, आणि जुन्या घरांच्या छपरांवर धुराडी तशीच उभी आहेत.