हूकचा सांधा आणि थरथरणारी जीप

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याकडे जुनी जीप होती. ओढ्यातले दगड पोटाला लागतात म्हणून त्यांनी ती चार इंच उचलून घेतली. म्हणजे कमानपाटे आणि मागचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. दगड लागायचे थांबले, पण डांबरी रस्त्यावर थोडा वेग घेतला की गाडीच्या पोटातून घरघर सुरू व्हायची आणि बसणाऱ्यांचे दात वाजायचे. चाकांचे बॅलन्सिंग तीनदा झाले, एक टायर बदलून झाला. फरक शून्य. या दुखण्याचे मूळ मात्र तीनशे वर्षांपूर्वीच सापडलेले होते, आणि तेही सूर्याच्या सावलीचा विचार करताना!

आधी गाडीखाली डोकावू. गिअरबॉक्स चौकटीला पक्का बसवलेला असतो. मागचा आस चाकांबरोबर खालीवर होतो. या दोघांना जोडून फिरणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तो सरळ रेषेत नसतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना वाकून फिरणारे सांधे लागतात. दोन बाजूंना दोन काटे आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा. गॅरेजमध्ये याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘हूकचा सांधा’ शिकतात, तर युरोपात बऱ्याच ठिकाणी तो ‘कार्डन’ या नावाने ओळखला जातो.

हे कार्डन नाव आले जेरोलामो कार्डानोवरून. घनसमीकरणांमुळे गणिताच्या शिक्षकांना तो ठाऊक असेलच. १५५० साली छापलेल्या ग्रंथात त्याने एकात एक अडकवलेल्या कड्यांची टांगणी वर्णिली. बाहेर कितीही हेलकावे बसले तरी आतली वस्तू स्थिर राहते. ही युक्ती आपली आहे असे त्याने म्हटले नव्हते, आणि चीनमध्ये अशी कडी लावलेली धूपपात्रे त्याच्या कितीतरी शतके आधी होती. शिवाय टांगणी ही वस्तू स्थिर ठेवण्यासाठी असते, फिरणे पुढे पोचवण्यासाठी नव्हे. तरीही नाव चिकटले ते चिकटलेच.

फिरणे पोचवणाऱ्या सांध्याचे वर्णन गास्पर शॉट या जर्मन जेसुइटाच्या १६६४ मधल्या ‘टेक्निका क्युरिओसा’ या ग्रंथात आहे. एक दांडा फिरवला की वाकलेला दुसरा दांडाही तितकाच, त्याच गतीने फिरतो, असा शॉटचा समज होता. त्याला हसू नका. एका दांड्याचा पूर्ण फेरा झाला की दुसऱ्याचाही पूर्ण फेरा होतो, हे डोळ्यांना दिसतेच. फेऱ्याच्या आत काय घडते, हे पाहायचे कोणाला सुचणार?

सुचले ते रॉबर्ट हूकला. स्प्रिंगचा नियम आणि ‘पेशी’ हा शब्द यांमुळे तो आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो, पण या सांध्याचा उल्लेख तिथे सहसा सापडत नाही. हूकच्या ध्यानात आले की दुसरा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसरा कोणी असता तर सांधा बिघडलेला समजून बाजूला ठेवला असता. हूकने विचारले, असेच कमीजास्त वेगाने आणखी काय फिरते? उत्तर होते, सूर्यघडीची सावली.

सूर्य आकाशात दर तासाला सारखाच, १५ अंश सरकतो. पण जमिनीला समांतर मांडलेल्या सूर्यघडीवर तासांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. लंडनला दुपारी बारा ते तीन या वेळात सावली ३८ अंश फिरते आणि तीन ते सहा या तितक्याच वेळात ५२ अंश. नियम असा, की सावलीच्या कोनाचा टॅन म्हणजे सूर्याच्या कोनाचा टॅन गुणिले अक्षांशाचा साइन. सांध्याचा नियमही याच घडणीचा आहे: एका दांड्याच्या कोनाचा टॅन म्हणजे दुसऱ्याच्या कोनाचा टॅन गुणिले वाकाचा कोसाइन. म्हणून ९० मधून अक्षांश वजा करून तेवढा सांधा वाकवला, तर एक दांडा सूर्यासारखा आणि दुसरा सावलीसारखा फिरतो. लंडनसाठी हा वाक ३८.५ अंश येतो. सूर्याकडे पाहण्याच्या उपकरणांवरच्या, १६७६ साल छापलेल्या आपल्या पुस्तिकेत हूकने हा सांधा सूर्यघडीच्या कामासाठी मांडला. (पुण्यासाठी वाक ७१.५ अंश लागेल. तिथे काटेच एकमेकांवर आपटतील. हूक पुण्यात जन्मला नाही हे बरेच झाले.)

पान्याच्या संचात मिळणारा छोटा सांधा आणि दोन कोनमापक घेऊन वर्गात हे पाहता येते. ३० अंश वाकवा आणि एक बाजू ४५ अंश फिरवा. दुसरी बाजू ४१ किंवा ४९ अंश फिरते; काटा सुरुवातीला आडवा होता की उभा, यावर ते अवलंबून.

सूर्यघडीचा हा गुण यंत्रात मात्र दोष ठरतो. त्यावरचा उपायही हूकनेच सुचवला: मध्ये एक दांडा ठेवून दोन सांधे लावायचे. पहिल्याची चूक दुसरा उलटी करून फेडतो. अट इतकीच, की दोन्हीकडचा वाक सारखा हवा आणि मधल्या दांड्याच्या टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. मोटारी आल्या तेव्हा बऱ्याच गाड्यांची मागची चाके साखळीने फिरत. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये या सांध्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. पुढे त्याच्या नावाचे सांधे जीपमध्येही आले. मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवल्या जाऊ लागल्या, त्यांच्याही पोटात अशीच जोडसांध्यांची रचना होती.

आता आपल्या जीपकडे येऊ. तिचा मागचा दांडा दोन फुटांचा धरा आणि मूळचा वाक ४ अंश. गाडी ४ इंच उचलल्यावर वाक साडेतेरा अंशांच्या आसपास जातो. वाक साडेतीन पटही वाढला नाही, पण वेगातला चढउतार पाव टक्क्यावरून २.८ टक्क्यांवर गेला, म्हणजे अकरा पटींहून अधिक! लहान कोनांसाठी तो कोनाच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

तरीही दोन्ही टोके सारखीच वाकली असती तर चाकापर्यंत धक्का पोचला नसता. पण मेस्त्रींना मागच्या सांध्याची दया आली. त्यांनी पाचरी घालून आसाचे तोंड वर वळवले आणि मागचा वाक ५ अंशांवर आणला. आता साडेतेराची चूक पाच कशी फेडणार? वजाबाकी वर्गांची करायची: १८२ वजा २५, म्हणजे १५७, आणि त्याचे वर्गमूळ साडेबारा. एकच सांधा साडेबारा अंशांत वाकवून गाडी हाकण्यासारखे झाले हे! पुढच्या टोकाला दुहेरी सांधा असेल तर आसाचे तोंड दांड्याच्या रेषेत वळवणेच योग्य असते. मेस्त्रींनी तसे कुठेतरी पाहिले असावे. या गाडीत तो सांधा नव्हता.

बॅलन्सिंगने का भागले नाही, हेही यातून कळते. चाकाचा तोल गेला तर चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का बसतो. अशा जीपमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सुमारे पाच फेरे होतात आणि शाफ्टच्या दर फेऱ्याला सांधा दोन हिसके देतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला दहा. बसणाऱ्याला हे हेलकावे वाटत नाहीत, घरघर वाटते.

पाचरी काढल्या आणि दात वाजायचे थांबले. बारीक गुणगुण राहिली. चाकापर्यंतची चूक फिटली तरी मधला दांडा स्वतः कमीजास्त वेगाने फिरतच होता, आणि दांड्याला वजन असते. मग चार इंचांच्या ठोकळ्यांऐवजी दोन इंचांचे घातले. चढउतार १.२ टक्क्यांवर आला आणि गुणगुणही गेली. ओढ्यातला एक मोठा दगड तेवढा पुन्हा पोटाला लागू लागला. तो पहारीने काढायचे ठरले आहे.