देवी येणे, देवी काढणे

‘मसूरिका’ हा शब्द वैद्यकग्रंथांतच राहिला. मराठी घराने त्या रोगास ‘देवी’ म्हटले. देवी ‘येत’, म्हणून पाहुणीसारखा त्यांचा मान ठेवावयाचा, उशाशी कडुनिंब ठेवावयाचा, त्यांच्या रोषास कारण घडू द्यावयाचे नाही. १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेस हिंदुस्थानातील पहिली गोस्तन-लस टोचली गेली. पुढे भाषेने लसीकरणालाही तेच नाव दिले : ‘देवी काढणे’. रूपकामुळे केवळ अज्ञान पोसले गेले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९६२ पासूनच्या शासकीय कार्यक्रमाची भाषा मात्र ‘मोहीम’ आणि ‘निर्मूलन’ अशी लष्करी वळणाची होती. पाहुणीचे घर आता शत्रूचे ठाणे ठरले. अखेरच्या टप्प्यात दारावर पहारेकरीही बसले. १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण आढळला. दंडावरील व्रण दाखविताना वृद्ध माणसे मात्र ‘देवी काढल्या होत्या’ असेच सांगतात.