अर्धा दोष तुझा, अर्धा माझा

दोन जहाजांची टक्कर झाली की दोन प्रश्न उभे राहतात : तुरुंगात कोण जाणार आणि नुकसान कोण भरणार? कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातील टकरीचे निकाल वाचताना मी या दुसऱ्या प्रश्नापाशी अडकलो.

६ डिसेंबर १९१७. महायुद्ध चालू होते. स्फोटकांनी भरलेले फ्रेंच जहाज 'माँ-ब्लाँ' बंदरात शिरत होते, नॉर्वेचे 'इमो' बाहेर पडत होते. अरुंद वाटेत आपापल्या उजव्या बाजूने चालावे, हा दर्यावरचा नियम. 'माँ-ब्लाँ' आपल्या बाजूला होते. 'इमो' आधी एका अमेरिकी जहाजाला, मग एका टगबोटीला चुकवता चुकवता भलत्या बाजूला आले होते. दोघांनी शिट्ट्या वाजवल्या, पण मेळ बसला नाही. अखेरच्या क्षणी 'माँ-ब्लाँ' डावीकडे वळले. 'इमो'ने इंजिन उलटे फिरवले, तसे त्याचे नाक उजवीकडे झुकले आणि 'माँ-ब्लाँ'वर आदळले. वीसेक मिनिटांनी स्फोट झाला. १,७०० हून अधिक माणसे गेली.

मृतांत 'इमो'चा कप्तान होता आणि त्याला वाट दाखवणारा पायलटही. 'माँ-ब्लाँ'चे दोघे मात्र वाचले. साक्ष द्यायला तेच उरले आणि आरोप झेलायलाही तेच!

न्या. ड्रायस्डेल यांच्या चौकशीने ४ फेब्रुवारी १९१८ रोजी सारा दोष 'माँ-ब्लाँ'चा कप्तान ल मेदेक, पायलट मॅकी आणि नौदलाचे अधिकारी वायट यांच्यावर टाकला. तिघांवर सदोष मनुष्यवधाचे आरोप आले. पण मॅकीविरुद्ध पुरावाच नाही, असे म्हणत न्या. रसेल यांनी त्याला सोडले, कप्तानही सुटला, वायटला ज्यूरीने निर्दोष ठरवले. तुरुंगात कोणीच गेले नाही.

इकडे मालकांनी एकमेकांवर वीस-वीस लाख डॉलरचे दावे लावले होते. त्यांची पहिली सुनावणी पुन्हा ड्रायस्डेल यांच्याचपुढे! आपलाच चौकशीचा निष्कर्ष त्यांनी दुसऱ्यांदा तपासायला घेतला आणि एप्रिलमध्ये दोष पुन्हा एकट्या 'माँ-ब्लाँ'चा ठरवला. हे मला आजही खटकते. अपिलात चित्र पालटले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २२ मार्च १९२० रोजी दोन्ही जहाजांना सारखेच दोषी धरले. दोघांनी एकमेकांना इतके जवळ येऊच द्यायला नको होते.

पण हा 'अर्धा-अर्धा' हिशेब मालकांच्या आपसातला. ज्यांची घरे कोसळली, डोळे गेले, त्यांचे काय? त्यांच्यासाठी १९१८ मध्ये मदत आयोग नेमला गेला होता. तो १९७६ पर्यंत काम करत होता.